आत कुणी नव्हतं, अक्का

अक्का,

भूपाल परवा दुपारी येऊन गेला. तुमचा मुलगा एरवी आला की आधी बाकावर बसतो, पाणी मागतो, ऊसतोड कुठवर आली ते सांगतो आणि मग कामाचं बोलतो. परवा तो उभाच राहिला. हातात तुमचं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. तुम्ही गेलात हे त्याने सांगायच्या आधीच मला मडक्यावरून कळलं, कारण ते मडकं तुमच्या उशाशी असायचं आणि घर सोडून कुठे जायचं नाही. ओल्या वाळूत इन्सुलिनच्या बाटल्या पुरून ठेवायची ती युक्ती मीच तुम्हाला शिकवली होती. तुमच्या गावात फ्रिज नव्हता, आणि असता तरी त्यात दुसऱ्यांनी काय काय ठेवलं असेल म्हणून तुम्ही त्याला हात लावला नसता.

फडकं सोडून पाहिलं तर आत तीन बाटल्या होत्या. तिन्हींची सीलं शाबूत होती. त्याचा अर्थ काय, हे मी भूपालला लगेच विचारलं नाही.

मी शस्त्रक्रिया करणारा माणूस. कोणी गेलं की लिहीत बसायची मला सवय नाही. पण तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलं आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवून ठेवली. दोन्ही इथे मांडतो. तुम्ही मध्येच बोलणार नाही, एवढीच काय ती सोय झाली आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात त्याला आता बारा वर्षं झाली. मला कोल्हापुरात येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि माझ्या वॉर्डाचा मला भारी अभिमान होता. फिनेलचा वास दारातच यायला हवा, चादरीला डाग दिसता कामा नये, खिडकीच्या जाळीला भोक असेल तर मी सिस्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना धारेवर धरायचो. माशी हा माझा वैयक्तिक शत्रू होता. अशा वॉर्डात भूपाल तुम्हाला बैलगाडीने जयसिंगपूर आणि तिथून एस.टी.ने कोल्हापूर असं करत घेऊन आला. डाव्या पायाला एरंडाची पानं आणि वर जुन्या धोतराचं फडकं.

झालं होतं असं, की चैत्रातल्या एका दुपारी तुम्ही बाहुबलीचा डोंगर अनवाणी चढला होतात. चामड्याचं पायांत घालायचं नाही हा तुमचा नेम, आणि दर्शनाला जाताना तर कसलंच नाही. फरशी तव्यासारखी तापलेली. बरोबरच्या बायका सावली शोधत उड्या मारत चालल्या, आणि तुम्ही सरळ चालत गेलात. सगळ्यांना वाटलं, अक्कांची श्रद्धा मोठी. श्रद्धा मोठी होतीच, पण पायांना संवेदनाच उरली नव्हती. मधुमेहाने ती केव्हाच खाल्ली होती आणि मधुमेह आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. फोड आला, फुटला, चिघळला. गावात पंधरा दिवस पाला बांधून झाल्यावर वास सुटला तेव्हा भूपाल घाबरला.

मी फडकं सोडलं आणि पाय वळवळताना दिसला. तळव्याच्या पुढच्या अर्ध्या भागात काळं, ओलं, मेलेलं मांस आणि त्यात शेकड्यांनी पांढऱ्या अळ्या. भूपाल उठून बाहेर गेला. अंगात किडे पडोत हा आपल्याकडे शाप आहे, आणि तो आपल्या आईला लागला या विचाराने तो जिन्यावर बसून रडत होता असं मला नंतर समजलं. मला तसं काही वाटलं नाही. मला राग आला. जखमेत अळ्या दिसल्या की टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचा, त्या गुदमरून वर येतात, मग चिमट्याने काढून टाकायच्या, ही आमची पद्धत. मी मकबूलला टर्पेंटाइन आणायला सांगितलं. मकबूल आमचा ड्रेसर. पट्ट्या बांधण्यात पंधरा वर्षं गेलेली, हात इतका हलका की पेशंट माझ्याऐवजी त्याचीच वाट बघायचे.

तुम्ही विचारलंत, त्यानं काय हुतंय? मी म्हटलं, मरतात. तुम्ही पाय आखडून घेतलात.

"मग नको. त्यास्नी मारून मला बरं व्हायचं न्हाई."

मी सांगितलं की या अळ्या तुम्हाला खात आहेत. तुम्ही म्हणालात, दुखत तर नाही. नाही दुखणार, पायच बधिर झाला आहे, मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, मग त्यात त्यांचा काय दोष? भूपालने समजावलं, सिस्टरने समजावलं. शेवटी वेचून काढायला तुमची हरकत नव्हती, पण मकबूलने चिमट्याने पहिलीच अळी धरली तर ती चिमट्यातच चिरडली, आणि तुम्ही त्याचा हात धरलात. मकबूल हळूच म्हणाला, साहेब, पोट भरलं की या आपणहून बाहेर येतात, मी पाहिलंय. मी भडकलो. तीन दिवस देतो, म्हटलं, चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि तेव्हा माझ्याशी धर्म बोलायचा नाही. वर सैलसर जाळीदार कापड बांधायला सांगून मी निघून गेलो. चौथ्या दिवसाच्या यादीत तुमचं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

त्या तीन दिवसांत तुम्ही वॉर्डाचा कारभार हातात घेतलात. पाणी गाळल्याशिवाय तुम्ही प्यायचा नाहीत. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण गाळून झाल्यावर ते फडकं उलटं करून धुवायचं आणि ते धुतलेलं पाणी जिथून पाणी आणलं तिथेच परत नेऊन सोडायचं, म्हणजे फडक्यात अडकलेले जीव आपल्या जागी परत जातात, हा तुमचा नियम. घरी विहीर होती. इथे नळ. नळात पाणी परत कसं घालणार? तुम्ही मकबूलला विचारलंत, ह्या नळाचं पाणी कुठलं? तो म्हणाला, नदीचं. झालं. त्या दिवसापासून मकबूल रोज संध्याकाळी घरी जाताना सायकलच्या हँडलला त्या पाण्याने भरलेली छोटी कासंडी अडकवायचा आणि पंचगंगेच्या घाटावर उतरून ती नदीत रिती करायचा. मला हे कळलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, वाटेतच आहे साहेब, काय जातंय.

तिसऱ्या दिवशी अळ्या कापडाच्या कडेने बाहेर पडायला लागल्या. धुतलेल्या पाण्याचाच न्याय त्यांना लागला. मकबूलने त्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये गोळा केल्या आणि वॉर्डाच्या मागच्या केळीच्या बुडाशी भुसभुशीत मातीत सोडून आला. तुम्ही त्याला तिथे सावली आहे का, असंही विचारलंत. म्हणजे माझ्या वॉर्डातून माझ्याच आवारात माश्यांची पुढची पिढी सोडली जात होती, आणि ती सोडणारा माझाच ड्रेसर होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडली. काळं मांस गेलं होतं. वास गेला होता. खाली लालभडक, दाणेदार, जिवंत मांस होतं, त्याच्या कडा जिथे मेलेलं संपतं आणि जिवंत सुरू होतं तिथे नेमक्या. मी कात्री घेऊन बसलो असतो तर इतकं नेमकं मला जमलं नसतं, काही जिवंत कापलं गेलं असतं, काही मेलेलं राहिलं असतं. हे मी कबूल करायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, यादीतून नाव काढा. तुम्ही मकबूलकडे बघून हसलात, माझ्याकडे नाही.

त्या आठवड्यात मी माझी कॉलेजातली जुनी पुस्तकं उपसली. एका जाडजूड पुस्तकात, आम्ही परीक्षेला गाळायचो त्या भागात, सगळं लिहिलेलं होतं. युद्धात दोन दोन दिवस रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांत अळ्या झालेल्या असायच्या, आणि त्या जखमा इतरांपेक्षा स्वच्छ निघायच्या. पुढे काही परदेशी इस्पितळांत तर मुद्दाम माश्या पाळून, अंडी धुऊन, स्वच्छ अळ्या जखमेत सोडत. दोन-तीन दिवसांनी काढून घेत. मग पेनिसिलिन आलं आणि सगळे ते विसरले. आपल्याकडे तीन दिवसांत जे आपोआप झालं ते जवळजवळ तसंच तिथे छापलेलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही डोक्यावर बसला असतात.

एक मात्र तेव्हाच सांगितलं आणि आजही सांगतो. सगळ्या माश्या सारख्या नसतात. काहींच्या अळ्या जिवंत मांसही खातात, नाकात आणि डोळ्यात त्यांनी केलेला नाश मी याच हातांनी साफ केला आहे. तुमच्या पायात त्या जातीच्या निघाल्या नाहीत हे तुमचं नशीब. तुम्ही म्हणालात, नशीब न्हवं, त्यांचा स्वभाव. हे भांडण तिथून सुरू झालं.

दोन महिने तुम्ही वॉर्डात होतात, आणि प्रत्येक औषधाची चौकशी करायचात. गोळी कशाची? मलम कशाचं? एकदा कॅप्सूल हातात घेऊन तुम्ही विचारलंत, हे वरचं टरफल कशाचं? मी खरं सांगितलं, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. तुम्ही शांतपणे कॅप्सूल उघडलीत, आतली पूड पाण्यात टाकून प्यालात आणि टरफल मकबूलच्या हातावर ठेवलंत. ठीक होतं. पूड पोटात गेली, माझं काम झालं.

मग इन्सुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज उकळून आणली, बाटलीच्या बुचातून औषध ओढलं, आणि तुम्ही विचारलंत, ह्यात काय असतंय? अक्का, त्यात गुरांच्या आणि डुकरांच्या पोटातल्या एका ग्रंथीचा अर्क असतो. कत्तलखान्यातून ग्रंथी गोळा करून काढलेला. त्याला टरफल नव्हतं की काढून टाकावं. त्याच्याशिवाय तुमची साखर उतरली नसती, आणि साखर उतरली नसती तर अळ्यांनी केलेलं सगळं काम महिन्याभरात वाया गेलं असतं. मी ट्रेकडे बघत म्हणालो, औषध.

तुम्ही "बरं" म्हणालात आणि दंड पुढे केलात. गोष्ट कुठलीही असो, तिचा तीनदा पिच्छा पुरवणाऱ्या तुम्ही, याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाहीत. मला सुटल्यासारखं झालं.

पुढची पाच वर्षं तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी यायचात. पाय धुवायचा, रोज आरशात तळवा बघायचा, अनवाणी चालायचं नाही, सगळं पाळायचात. चामडं चालत नाही म्हणून मी तुम्हाला कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले. नऊवारीखाली ते बूट घालून तुम्ही आलात की सगळा वॉर्ड बघायचा. तपासणी दहा मिनिटांची आणि भांडण अर्ध्या तासाचं. मी म्हणायचो, मी तुम्हाला जंतू मारायचं औषध देतो तेव्हा लाखो जीव मरतात, ते कसे चालतात? तुम्ही म्हणायचात, नाइलाज असला तर चालतंय, पण आधी नाइलाज हाय का ते बघाय पायजे. मी म्हणायचो, नाइलाज कुठे सुरू होतो हे कोण ठरवणार? तुम्ही म्हणायचात, ज्याचं त्यानं. सूर्य कलायला लागला की तुम्ही उठायचात. अंधार पडायच्या आत जेवण व्हायला हवं आणि त्याच्या आधी सुई.

दुसरी जखम मी घ्यायला लावलेल्या बुटातच झाली. आत एक खडा गेला, तुम्हाला कळायचं कारणच नव्हतं, आणि तुम्ही त्याच्यावर दिवसभर एका लग्नघरात उभ्या राहिलात. तोच पाय, या वेळी टाच. पट्टी तुम्ही स्वच्छ ठेवली होती, मी शिकवल्याप्रमाणे, त्यामुळे माशी बसली नव्हती. आतलं मांस मात्र हाडापर्यंत मरत चाललं होतं. मी दोनदा कापून साफ केलं. पुन्हा काळं पडलं.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा माश्या पाळल्या. माझ्यासारख्याने. तपासणीच्या खोलीमागे एक अडगळीची जागा होती, तिथे मोठी काचेची बरणी, तोंडाला मलमलचं कापड, आत बकऱ्याच्या काळजाचा तुकडा. मकबूल तो खाटकाकडून आणायचा. अंडी औषधी पाण्यात धुवायची, फार धुतली की मरतात, कमी धुतली की घाण राहते. पहिली खेप मेली. दुसरी बुरशीने गेली. तिसरी खेप साधली तेव्हा मी बरणी घेऊन तुमच्या खाटेशी आलो, आणि खरं सांगतो, मला बक्षीस मिळवलेल्या विद्यार्थ्यासारखं वाटत होतं. तुम्हीच दाखवलेली वाट, आता शास्त्रशुद्ध करून आणली होती.

तुम्ही बरणीकडे पुष्कळ वेळ बघितलंत. मग विचारलंत, ह्यास्नी कुणी आणलं? मी म्हटलं, मी. खायाला काय घालताय? मकबूल म्हणाला, काळीज. आणि काम झाल्यावर? मी म्हटलं, या इस्पितळातल्या, घाण खाल्लेल्या, अशा सोडता येत नाहीत. मागच्या वेळी माझ्या नजरेआड झालं ते झालं.

"त्या वक्ताला ते आपणहून आलतं. दारात आलेल्या पावण्याला हाकलायचं कसं, म्हणून ऱ्हाऊ दिलं. आता तुम्ही माझ्यापायी जीव जन्माला घालताय, मांस चारताय, वर मारणार. न्हाई, डाक्टर."

मी म्हटलं, पाय जाईल.

"जाऊ दे की. पाय माझा हाय."

अळ्या नंतर सोडून देईन म्हटलं, तरी तुम्ही ऐकलं नाहीत. आणि त्या क्षणी माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. पाच वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही कापलेल्या जनावरांचा अर्क टोचून घेताय, अक्का, मग मूठभर अळ्यांनी काय बिघडतं? ते बोललो असतो तर भांडण तिथेच संपलं असतं. पण कसं संपलं असतं? मला पक्कं वाटलं की तुम्ही अळ्यांना हो म्हणणार नाही, सुई बंद कराल. मग पायही जाईल आणि तुम्हीही. मी बरणी धरून उभा राहिलो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, माझं काही बोलायचं बाकी आहे असं वाटून थांबल्यासारख्या. मी बरणीचं कापड घट्ट केलं. मग तुम्ही कूस बदललीत.

बरणीचं काय झालं, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारलंत. मी सांगितलं, केळीच्या बुडाशी सोडल्या. ते खोटं होतं. तुमच्या खाटेपासून निघालो तो तसाच अडगळीत गेलो आणि बरणीत टर्पेंटाइन ओतलं. कामासाठी नाही, रागाने. मकबूल दारात उभा होता.

ऑपरेशनच्या टेबलावर, तोंडावर मास्क ठेवायच्या आधी, तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं, भूपालसाठी काही निरोप असेल.

"आत कुणी न्हाई न्हवं? बघा एकदा. कापल्यावर पाय जाळत्यात."

भूल देणारे डॉक्टर हसले. मी दिवा खाली ओढून घेतला, पट्टी पूर्ण सोडली, टाचेतल्या पोकळीत चिमट्याने कडा उचलून बघितलं, बोटांच्या बेचक्यांत बघितलं. मग तुमच्या कानाशी सांगितलं, कुणी नाही. तुम्ही ते ऐकलंत की नाही मला माहीत नाही, तोवर तुमचे डोळे मिटले होते.

त्यानंतर तुम्ही कुबड्या घेऊन यायचात. माझ्यावर रुसला नाहीत. मला ते जड गेलं, रुसला असतात तर बरं वाटलं असतं. उरलेल्या पायाची तुम्ही सात वर्षं अशी राखण केलीत की मी नव्या पेशंटना तुमचं उदाहरण द्यायचो. भांडण मात्र आपण पुन्हा काढलं नाही. तुम्ही एकदा-दोनदा सुरुवात केलीत, मी विषय बदलला, कारण मला ठाऊक होतं की चिडलो तर ते वाक्य तोंडातून निसटेल. तुमच्याशी मोकळेपणाने भांडणं हे तुम्ही यायचात त्या आठवड्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम होतं, अक्का. ते मीच बंद पाडलं. त्याची चुटपुट मला आजही आहे.

परवा भूपाल शेवटी बाकावर बसला. त्याने सांगितलं की तुम्ही जैन मुनी महाराजांकडून सल्लेखनेचं, अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत घेतलंत, एकेक सोडत गेलात, आणि शेवटी पाणी. मला विचारलं असतंत तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. डॉक्टर म्हणून मला ते आजही मान्य नाही. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणून तर मला कळवलं नाहीत. मी फक्त डॉक्टरी सवयीने विचारलं, आधी काय सोडलं?

"सुई," भूपाल म्हणाला. "अन्नाच्या बी आधी आठ दिवस. म्हटली, आधी दुसऱ्याचा जीव घ्यायचा सोडतो, मग माझा. मला काय कळलं न्हाई. डाक्टरास्नी सांगू नको म्हटलीया, त्यास्नी खोटं नीट बोलाय येत न्हाई, उगं वाईट वाटून घेतील. पर तुम्ही इचारलासा, म्हणून सांगितलं."

मी त्याला बाटलीत काय असतं ते सांगितलं. बारा वर्षांनी, तुमच्या मुलाला. तो बाटलीकडे बघत बसला. त्याला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मी मकबूलला बोलावलं. आता त्याचेही केस पिकलेत, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. अक्कांना कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्याने नजर खाली घातली नाही. तो म्हणाला, मी. कधी? पहिल्याच खेपेला साहेब, सुई सुरू झाली त्याच संध्याकाळी. कासंडी घेऊन निघालो तेव्हा विचारलं. अक्कांना खोटं कसं सांगणार?

म्हणजे बारा वर्षं. पहिल्या सुईनंतरची प्रत्येक सुई तुम्ही जाणून घेतलीत. मी विचारलं, मग त्या काय म्हणाल्या? मकबूलने आठवून सांगितलं. तुम्ही म्हणालात, डाक्टर टरफलाचं खरं बोलला आणि ह्याचं खोटं बोलला, म्हंजे ह्याला दुसरा इलाज न्हाई.

मी ते वाक्य दोन दिवस मनात घोळवतो आहे. माझं खोटंच तुम्ही पुरावा म्हणून धरलंत. सुईला दुसरा इलाज नव्हता, म्हणून घेतलीत, आणि शेवटी जगायची गरज संपल्यावर सगळ्यात आधी तिलाच सोडलंत. अळ्यांना दुसरा इलाज होता. तो म्हणजे तुमचा पाय देणं. तुमच्या हिशोबात कुठेच गोंधळ नव्हता. जे वाक्य मी गिळून बसलो होतो ते तुम्हालाही पाठ होतं. बरणी घेऊन मी उभा होतो तेव्हा तुम्ही त्याचीच वाट बघत होतात. मी ते बोललो असतो तर तुम्ही हेच उत्तर दिलं असतं. पाय तरीही गेला असता. पण पुढची सात वर्षं आपण भांडलो असतो.

बरणीतल्यांचं काय झालं तेही तुम्ही मकबूलला विचारलं असणार. त्याला ते मी विचारलं नाही.

तीन बाटल्या मी वॉर्डात दिल्या. मडकं माझ्याकडे ठेवलं आहे. तुम्ही भांडणात जिंकलात हे लिहून देतो. आणि एवढंच सांगायचं राहतं, की त्या दिवशी टेबलावर विचारलंत, त्याचं उत्तर मी दिवा खाली ओढून, नीट बघून दिलं होतं. आत कुणी नव्हतं, अक्का.